अपघातातला मार ओळखायचा कसा? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

कॅज्युअल्टीत नुकतेच लागलेले ब्रदर-सिस्टर, ॲम्ब्युलन्सवर नवीन आलेली पोरं, अंबड-सातपूरच्या कंपन्यांतले सेफ्टीवाले, हरिहर-अंजनेरीला ग्रुप घेऊन जाणारे लीडर, आणि हायवेवर गाडी बाजूला लावून मदतीला पळणारा कोणीपण, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एकदाचे एका जागी लिहून टाकले. सुया-नळ्या घालायचं काम ज्यांनी शिकलंय त्यांनीच करायचं, बाकीच्यांनी त्यात हात घालू नका. पण पेशंटकडे बघायचं कसं, कुठून सुरुवात करायची आणि नक्की कशाला घाबरायचं, हे कोणालाही जमतं.

चार-पाच जण पडलेत, आधी कोणाकडे जाऊ?

आधी स्वतःचा जीव बघा. कसारा घाट असो की चांदवडचा राहूड घाट, मागून येणारा कंटेनर काही तुम्ही मदत करताय म्हणून थांबणार नाही. गाडी लांब लावा, पार्किंग लाईट चालू, एकाला मागे ट्रॅफिक थांबवायला पाठवा, एकाला १०८ किंवा ११२ लावायला सांगा. फोनवर "नाशिकच्या थोडं पुढे" असं सांगून उपयोग नाही, किलोमीटरचा दगड, जवळचा टोलनाका, मुंबईकडे जाणारी लेन की नाशिककडे येणारी, ते सांगा. पेट्रोल सांडलंय का, विजेची तार खाली आलीय का, तेवढी नजर टाका.

मग मोठ्याने ओरडा, "ज्याला चालता येतं त्याने इकडे या". जे आले ते हिरवे, म्हणजे शेवटी न्यायचे, त्यांना बसवून ठेवा, घरी पळू देऊ नका, त्यांनाही नंतर बघायचंय. आता उरलेले. इथे सगळे चुकतात ते असं की जो बोंबलतोय त्याच्याकडे सगळा घोळका जातो. अरे, तो बोंबलतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे, मेंदूला रक्त पोचतंय, तो दोन मिनिटं थांबू शकतो. गप्प पडलाय त्याच्याकडे जा. एकेकाजवळ अर्धा-एक मिनिट, जास्त नाही. श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल तर लाल, म्हणजे सगळ्यात आधी न्यायचा, मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल, "माझा हात दाब" म्हटल्यावर दाबत नसेल तर लाल. हे तिन्ही बरं आहे पण उठता येत नाही, तो पिवळा, म्हणजे लालच्या नंतरचा. श्वासच नसेल तर जबडा पुढे उचलून रस्ता मोकळा करा, आला तर लाल, तरी नाही आला तर मन घट्ट करून पुढच्याकडे जायचं. पण हे फक्त पेशंट भरपूर आणि हात कमी असतील तेव्हाच हं, एकटाच पेशंट असेल तर सीपीआर वगैरे सगळं करायचं.

एबीसीडीई ऐकलंय, पण हल्ली पुढे 'एक्स' लावतात ते काय?

ए म्हणजे श्वासाचा रस्ता, बी म्हणजे श्वास, सी रक्ताभिसरण, डी मेंदू, आणि ई म्हणजे कपडे कापून सगळं अंग बघायचं आणि लगेच झाकायचं. क्रम असाच का, तर जे आधी मारतं ते आधी बघायचं. मोडून वाकडा झालेला पाय बघून सगळ्यांची नजर तिकडेच जाते, पण त्याच पेशंटची जीभ मागे पडून रस्ता बंद झाला असेल तर पाय बसवून करणार काय.

ही पद्धत आली कुठून ते पण सांगतो. १९७६ ला अमेरिकेत नेब्रास्कात जेम्स स्टायनर नावाच्या हाडाच्या डॉक्टरचं विमान शेतात पडलं, बायको गेली, पोरं जखमी झाली, आणि जवळच्या छोट्या हॉस्पिटलात पोरांना जी ट्रीटमेंट मिळाली ती बघून तो हादरला. त्यातून पुढे एटीएलएस म्हणजे अपघातातले पेशंट कसे बघायचे ते डॉक्टरांना शिकवणारा कोर्स उभा राहिला, आज जगभरचे डॉक्टर याच क्रमाने पेशंट बघतात.

एक्स म्हणजे धो-धो वाहणारं रक्त. मांडीतली किंवा काखेतली मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, तिथे श्वासाचा रस्ता बघत बसायला वेळच नसतो, म्हणून ते सगळ्यात आधी दाबायचं. लढाईतल्या अनुभवातून हे पुढे आलं.

पटकन करायची युक्ती: "नाव काय? काय झालं?" एवढं विचारा. त्याने सरळ वाक्यात उत्तर दिलं तर आत्तापुरता रस्ता मोकळा, श्वास ठीक, मेंदू जागा. आत्तापुरता म्हटलंय, लक्षात ठेवा. दर पाच मिनिटांनी परत बघायचं, आणि काहीही बिघडलं की परत पहिल्यापासून.

रक्त दिसत नाही, बीपी पण नॉर्मल आहे. मग पेशंट ठीक ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मोठ्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं १५ टक्के, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास गेलं तरी वरून जवळपास काही कळत नाही. १५ ते ३० टक्के गेलं की नाडी १०० च्या वर, हातपाय गार, घाम, पेशंट उगाच बेचैन, आणि वरचं-खालचं बीपी एकमेकांच्या जवळ सरकायला लागतं, पण वरचं बीपी अजून ११०-१२० च दिसतं! ते खाली येतं साधारण ३० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे दीड लिटर रक्त जाऊन बसल्यावर. म्हणून बीपीच्या मशीनवर विसंबून राहू नका, कपाळाला हात लावा, नखाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा, दोन सेकंदात लाली परत येते का बघा, श्वास मोजा (मोजा, अंदाजे २० लिहू नका, सगळ्या पेशंटचा श्वास २० कसा काय असतो देव जाणे). आणि "मला बसू द्या, मला जाऊ द्या" करणारा पेशंट त्रासदायक नसतो, बऱ्याचदा तो शॉकमध्ये जात असतो, म्हणजे अंगाला रक्त पुरेनासं झालेलं असतं.

रक्त जातं कुठे? रस्त्यावर सांडलेलं दिसतं, बाकी चार ठिकाणी लपतं: छाती, पोट, कंबरेचं हाड म्हणजे पेल्विस, आणि मांड्या. एका मांडीचं हाड मोडलं तर एक ते दीड लिटर रक्त मांडीतच मुरतं, पेल्विसमध्ये त्याहून जास्त. पेल्विस मोडल्याचा संशय असेल तर हलवून-दाबून बघू नका, तिथली गुठळी सुटते. चादर घेऊन खुब्याच्या उंचीला, पोटावर नाही, घट्ट बांधा आणि तशीच राहू द्या.

काही जण फसवतात. लहान मुलांचं बीपी शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं, सावरायला वेळच देत नाही. आजोबा बीपीची मेटोप्रोलोल नाहीतर अटेनोलॉल घेत असतील तर कितीही रक्त गेलं तरी नाडी वाढायची नाही. ६५ च्या पुढच्या माणसाचं वरचं बीपी ११० च्या खाली दिसलं तर ते कमीच समजा, त्यांचं रोजचं १५० असतं. गरोदर बाईचं शरीर आधीच जास्त रक्त बाळगून असतं म्हणून तिचा शॉक उशिरा दिसतो आणि तोपर्यंत बाळाचं रक्त कमी पडलेलं असतं. पाच महिन्यांच्या पुढे असेल तर तिला उताणी ठेवू नका, डावीकडे कलती ठेवा, मणक्याचा संशय असेल तर ती ज्या फळीवर आहे ती पूर्ण फळीच कलती करा. पोट दगडासारखं कडक लागलं किंवा खालून रक्त आलं तर थेट जिथे सर्जरी आणि प्रसूती दोन्ही आहे तिथे न्या.

मग सलाईन जोरात सोडायचं ना?

पूर्वी सोडायचे. आता मोठ्या माणसात एक लिटरच्या आसपास देऊन पुढे रक्तच द्यायचं असं आहे, कारण सलाईनने रक्त पातळ होतं, गार होतं आणि गुठळी धरत नाही. थंडी, रक्तातलं वाढलेलं आम्ल आणि न गोठणारं रक्त ही तीन एकमेकांना वाढवत नेतात, म्हणून जूनमध्ये त्र्यंबकच्या पावसात भिजलेल्या पेशंटचे ओले कपडे काढून ब्लँकेट टाकणं ही पण ट्रीटमेंटच आहे. फक्त डोक्याला मार असेल तर बीपी पडू द्यायचं नाही. ट्रानेक्सामिक ॲसिड हे रक्ताची गुठळी टिकवणारं औषध अपघातापासून ३ तासांच्या आत दिलं तरच फायद्याचं, २०१० ला आलेल्या क्रॅश-२ या मोठ्या अभ्यासातून ते कळलं, उशिरा दिलं तर उलट नुकसान होऊ शकतं. म्हणून अपघाताची वेळ विचारून लिहिणं फार महत्त्वाचं.

जखमेवर नुसतं दाबायचं की बांधायचं?

दाबायचं. स्वच्छ कापड, थेट जखमेवर, तळहाताने, अंगाचं वजन टाकून, आणि दर मिनिटाला "थांबलं का" म्हणून उचलून बघायचं नाही. हळद, कॉफी पावडर, तंबाखू काहीही भरू नका, सर्जनला ते खरवडत बसावं लागतं. हातापायाचं रक्त दाबून थांबतच नसेल तर टुर्निके: जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, तीन-चार बोटं रुंद पट्टी, त्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा. ते दुखतं, पेशंट शिव्या घालेल, घालू द्या. बांधल्याची वेळ पेनने कपाळावर किंवा पट्टीवर लिहा आणि हॉस्पिटलपर्यंत सैल करू नका. सुतळी, वायर, बुटाची लेस वापरू नका. घुसलेला गज किंवा काच तशीच ठेवायची, बाजूने कापड लावून हलणार नाही असं करायचं.

डोक्याला मार लागला, जरा वेळ बेशुद्ध होता, आता मस्त बोलतोय. घरी नेऊ?

हा "मस्त बोलतोय" पेशंटच सगळ्यात जास्त धोका देतो. कानशिलाचं हाड पातळ असतं, त्याच्या आतून एक धमनी जाते, ती फाटली तर कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठायला लागतं. सुरुवातीच्या धक्क्यातून माणूस शुद्धीवर येतो, चहा मागतो, फोनवर घरी बोलतो, आणि दोन-चार तासांनी झोपतो तो उठतच नाही. वेळेत सीटी करून ऑपरेशन झालं तर असे पेशंट चालत घरी जातात, म्हणून तर जास्त जीवाला लागतं.

सीटी लागतोच असे धोके: दोन किंवा जास्त उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, ग्लानी, दोन तास झाले तरी पूर्ण भान नाही, वय ६५ च्या वर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, एका डोळ्याची बाहुली मोठी, एका बाजूचा हात-पाय कमजोर, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं. दोन्ही डोळ्यांभोवती काळं किंवा कानामागे निळसर डाग म्हणजे कवटीचा तळ मोडलाय, पण हे डाग यायला कित्येक तास लागतात, नसले म्हणून निर्धास्त होऊ नका. बीपी वाढतंय, नाडी मंद होतेय आणि श्वास वेडावाकडा होतोय, असं एकत्र दिसलं तर आत दाब वाढून मेंदू खाली सरकायला लागलाय, ही अगदी शेवटची घंटा.

आणि दारू. "पिऊन पडलाय, सकाळी उतरेल" या वाक्याने जेवढी माणसं गेली तेवढी कशानेच गेली नसतील असं माझं मत. दारूचा वास येतोय म्हणजे त्याने दारू प्यायलीय एवढंच सिद्ध होतं, डोक्यात रक्त नाही हे नाही. शुद्ध कमी असलेला प्रत्येक जण सीटी होईपर्यंत डोक्याचा पेशंट. साखर मात्र तपासा, ग्लुकोमीटरला एक मिनिट लागतं.

जीसीएस डोक्यात राहत नाही, सोपं करून सांगा

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, पेशंट किती शुद्धीत आहे ते मोजायला १९७४ ला ग्लासगोच्या टिसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी काढलेला स्कोअर आहे. डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६, एकूण १५, कमीत कमी ३ (शून्य कधीच नाही). डोळे: स्वतःहून उघडे ४, हाक मारल्यावर ३, दाबल्यावर २, नाहीच १. बोलणं: सुसंगत ५, भ्रमिष्ट ४, सुटे शब्द ३, नुसते आवाज २, काही नाही १. हालचाल: सांगितलं तसं करतो ६, दुखावल्यावर हात तिथपर्यंत आणतो ५, नुसता मागे घेतो ४, हात आत वळवून आखडतो ३, ताठ करतो २, काहीच नाही १.

८ किंवा खाली म्हणजे तो स्वतःचा श्वासाचा रस्ता सांभाळू शकत नाही. नुसतं "जीसीएस ११" लिहू नका, तिन्ही आकडे वेगळे लिहा, कारण त्यात हालचालीचा आकडा सगळ्यात जास्त सांगतो. आणि एक गोष्ट जी पुस्तकात नसते: अंबडला किंवा गोंदेला बिहार-यूपीहून आलेली कामगार पोरं असतात, त्यांना मराठीत "आज कोणता वार" विचारलं आणि तो गोंधळला की लगेच बोलणं ४ लिहून मोकळे होतात. हिंदीत विचारा, शेजारच्या कामगाराला विचारायला सांगा. कळवण-बागलाणकडच्या आजीला अहिराणी बोलणारा कोणी सापडतोय का बघा.

हेल्मेट काढायचं की नाही?

श्वास नीट चालू असेल तर काच वर करा आणि राहू द्या. घरघर होतेय, उलटी होतेय, तोंडापर्यंत पोचता येत नाही, तर काढायचं, पण दोघांनी. एकाने खालून जबडा आणि मान पक्की धरायची, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट दोन्ही बाजूंनी फाकवत सरळ रेषेत सरकवायचं, नाकाशी थोडं मागे कलवायचं. एकट्याने ओढू नका.

मानेला कॉलर सगळ्यांनाच?

हल्ली सरसकट नाही. मान दुखतेय, हातपाय बधीर किंवा मुंग्या, शुद्ध कमी, नशा, किंवा मारच जबरदस्त, तर मान स्थिर करायची. कॉलर नसेल तर दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल आणि एकाचे दोन हात, बस. काखेत आणि पायाला धरून उचलून रिक्षात घालणं बंद करा, तीन-चार जणांनी लाकडासारखं एकत्र वळवून फळीवर घ्या. बाथरूममध्ये घसरलेल्या आजींची मानही मोडू शकते, पडणं छोटं होतं म्हणून सोडू नका.

बीपी कमी पण नाडी मंद आणि हातपाय गरम, असं दिसलं तर मणक्याचा शॉक डोक्यात आणा. पण आधी कुठे रक्त जात नाहीये ना हे बघूनच, कारण अपघातात बीपी पडलं की पहिला संशय रक्तावरच.

छातीला स्टेअरिंग लागलं, बरगडी मोडली वाटते. घाबरायचं काय?

बरगडी दुखते, मारते ती आतली हवा किंवा रक्त. फुफ्फुसातून हवा गळून छातीत अडकत गेली की फुफ्फुस चेपतं आणि मग हृदयाकडे येणारं रक्त अडतं. दम वाढत जातो, एक बाजू हलत नाही, त्या बाजूला स्टेथोने आवाज नाही, मानेच्या शिरा फुगतात (रक्त खूप गेलं असेल तर फुगत नाहीत), बीपी पडतं. श्वासनलिका सरकलेली दिसेपर्यंत बसू नका, ते फार उशिरा दिसतं, आणि एक्स-रेला तर पाठवूच नका, हे निदान हाताने आणि कानाने करायचं आणि शिकलेल्याने तिथेच सुई घालायची. मोठ्यांमध्ये आता पाचव्या बरगडीखालच्या फटीत, काखेच्या मधल्या रेषेच्या जरा पुढे.

छातीला भोक पडून हवा आत-बाहेर होत असेल तर प्लास्टिक लावून तीन बाजूंनी चिकटवा, चौथी मोकळी. नंतर दम वाढला तर पट्टी उचला. तीन किंवा जास्त शेजारच्या बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या तर छातीचा तेवढा तुकडा उलटा हलतो, श्वास घेताना आत जातो. तरुण पोरांच्या बरगड्या लवचिक असतात, त्यांच्या न मोडताही आत फुफ्फुसाला मुका मार असू शकतो.

कुंभाच्या ड्युटीवाल्यांसाठी वेगळं: २००३ च्या नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. गर्दीत माणूस तुडवून कमी आणि उभ्या-उभ्या चेपून जास्त मरतो, छाती फुलायलाच जागा नसते. असा पेशंट बाहेर काढला की चेहरा-मान जांभळी, डोळे लाल, बारीक ठिपके दिसतात. आधी त्याच्या अंगावरचा दाब काढा, मग श्वास बघा, नसेल तर तोंडाने किंवा श्वास द्यायच्या बॅगने श्वास द्या.

सोनोग्राफी नॉर्मल आली, पोटाचं टेन्शन गेलं ना?

अर्धं गेलं. कॅज्युअल्टीतली सोनोग्राफी पोटात साठलेलं रक्त शोधते, आणि ते जरा साठल्यावरच दिसतं. आतडं फाटलेलं तिला सहसा दिसत नाही. पोटावर सीटबेल्टचा वळ उठलाय, किंवा पोरगं सायकलवरून पडताना हँडल पोटात घुसलंय, तर ॲडमिट ठेवून परत परत पोट तपासायचं. डावीकडच्या खालच्या बरगड्या मोडल्या तर प्लीहा, उजवीकडच्या मोडल्या तर लिव्हर आठवा. खांद्याला काही लागलेलं नसताना डावा खांदा दुखतोय हेही प्लीहाचंच लक्षण असू शकतं.

प्रेस मशीनमध्ये बोट गेलं, तुटलेलं बोट कसं न्यायचं?

ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत. बोट थेट बर्फात टाकलं तर ते गोठून वाया जातं, दुधात किंवा स्पिरिटमध्ये तर अजिबात नाही. लोंबणारी कातडी कापू नका, बाकीच्या बोटांतल्या अंगठ्या आत्ताच काढा, नंतर सूज येते.

एमआयडीसीवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा: पेंटची गन किंवा ग्रीसची गन बोटाला लागली की टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतही नाही फारसं, सुपरवायझर बँडेड लावून परत कामाला पाठवतो. आत मात्र रंग-ग्रीस पूर्ण बोटात पसरलेलं असतं. त्याच दिवशी, त्याच तासात हाताच्या सर्जनकडे न्या.

मांजाने गळा कापला तर?

संक्रांतीला येवल्यापासून नाशिकपर्यंत पतंग असतो, नायलॉन मांजावर बंदी आहे तरी तो येतोच. गळ्याला गोल पट्टी आवळू नका. जखमेवर थेट बोटांनी दाबा, एकाच बाजूला, दोन्ही बाजूच्या धमन्या एकदम दाबू नका. वरून प्लास्टिकसारखं हवा न जाणारं काही ठेवा कारण मानेच्या मोठ्या शिरेतून हवा आत खेचली जाऊ शकते. आवाज बदलला, जखमेतून बुडबुडे येतात, थुंकीत रक्त, मानेवर फुगत जाणारी गाठ, यातलं काहीही दिसलं तर वाटेत टाके घालायला कुठे थांबू नका, सरळ मोठं हॉस्पिटल.

बिबट्याने पकडलं, जखमा तर बारीक दिसतात

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे पाठच करा. सुळे खोल जातात, वर दोन छिद्रं आणि आत मान, कवटी, मोठ्या शिरा. मान आणि डोक्यावरची जखम म्हणजे वरचं मानेचं सगळं लागू. रक्त थांबलं की साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायचं, रेबीजची लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, धनुर्वाताचं इंजेक्शन. घाईने घट्ट टाके नकोत. वनखात्याला कळवा, पंचनामा लागतो.

ट्रॅक्टर उलटून पाय खाली दबला, लगेच उचलू?

नुकताच दबला असेल तर उचला, वाट बघत बसू नका. पण द्राक्षाच्या बागेत एकटाच होता, तास दोन तासांनी सापडला, अशा वेळी दाब काढला की मेलेल्या स्नायूतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय बंद पडू शकतं. तिथे डॉक्टर असेल तर उचलायच्या आधी सलाईन चालू करतात, म्हणून १०८ ला आधीच सांगा की किती वेळ दबलाय.

प्लास्टर घातल्यावरही "खूपच दुखतंय" म्हणून रडणाऱ्याला पेनकिलर देऊन झोपवू नका. पायाची बोटं हळूच वर ओढून बघा, पोटरीत जीवघेणी कळ आली तर आत दाब वाढलाय. नाडी लागतेय म्हणून गप्प बसू नका, नाडी जायला लागली तेव्हा वेळ निघून गेलेली असते. काही तासांत स्नायू मरतो.

पाणी पाजू का? चहा?

नाही. ओठ ओले करा फार तर.

ट्रेकला पडला, चालत खाली आला, मग काय एवढं?

किती उंचावरून पडला ते विचारा. १० फुटांच्या वर म्हणजे गंभीर समजूनच चालायचं. पायावर पडला असेल तर टाचेपासून सुरू करून गुडघा, खुबा आणि कंबरेचा मणका असं वर वर दाबत जा, टाच मोडलेल्याचा मणकाही मोडलेला सापडतो. गाडीचंही असंच, वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो, समृद्धीवर १२० ने चाललेल्या गाडीतून साधा खरचटलेला माणूस उतरला तरी त्याला पूर्ण तपासा. शेजारच्या सीटवरचा गेला असेल, कोणी गाडीबाहेर फेकलं गेलं असेल, तर बाकीच्यांना कितीही बरं वाटत असलं तरी हॉस्पिटल.

मदत केली तर पोलिसांचं लफडं मागे लागतं का?

२०१६ ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांसाठीचे नियम पक्के केले, आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत १३४-ए कलम आलं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, हॉस्पिटलने तुम्हाला पैसे भरायला अडवायचं नाही. आणि पेशंटला आधी पोलीस केस मग ट्रीटमेंट असं चालत नाही, १९८९ च्या परमानंद कटारा केसमध्येच कोर्टाने सांगितलंय की जीव आधी, एमएलसी म्हणजे पोलीस केसची नोंद नंतर. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या पेशंटला ठरलेल्या हॉस्पिटलांत ७ दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे ("कॅशलेस ट्रीटमेंट ऑफ रोड ॲक्सिडेंट व्हिक्टिम्स स्कीम, २०२५"), काउंटरवर ती मागा. तोंडाने नुसतं "स्कीम आहे का" विचारलं की "नाही" येतं, नाव घेऊन विचारा.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर डॉक्टरला काय सांगायचं?

रडत सगळी गोष्ट सांगू नका, एवढंच: किती वाजता झालं, कसं झालं, काय लागलेलं दिसतंय, तेव्हा शुद्ध-श्वास-नाडी कशी होती आणि आता कशी आहे, वाटेत काय केलं. "मधे दोन मिनिटं बोलत नव्हता" हे वाक्य डॉक्टरला एक्स-रेपेक्षा जास्त उपयोगी पडतं. गाडीचा फोटो असेल तर दाखवा. ॲलर्जी, चालू गोळ्या, आधीचे आजार, बाई असेल तर पाळी किंवा गरोदरपण, शेवटचं कधी खाल्लं, हे नातेवाइकांना वाटेतच फोन करून विचारून ठेवा आणि गोळ्यांची पाकिटं घेऊनच यायला सांगा, "पांढरी छोटी गोळी" म्हणून काही कळत नाही. रक्तगट माहीत असला तरी हॉस्पिटल परत तपासणारच, त्यावर वाद घालू नका.